पाणी तोडायचे दिवस

बेंगळुरूहून सुमलतानं ऑर्किड आणलं तेव्हा
काठ्या भरलेल्या होत्या, उसाच्या पेरांसारख्या,
आणि एकीवर सात जांभळी फुलं.
सोबत नर्सरीचा कागद:
ऑक्टोबर संपला की पाणी तोडा.
थंड ठेवा. खत नको.
फेब्रुवारीअखेर जागं करा.

थंड ठेवा.
कागद घेऊन मी गच्चीवर गेलो.
विडी घरकुलाच्या पत्र्यांवर ऊन तडतडत होतं,
नोव्हेंबर होता आणि बनियन पाठीला चिकटलेलं.
हे ज्यानं लिहिलं त्यानं सोलापूर
रेल्वेच्या खिडकीतूनही पाहिलं नसणार.

छत्तीस वर्षं मी टॉवेलच्या मागांवर जॉबर.
माग थांबला की मालक ओरडायचा,
माग चालला की कान.
जिवंत वस्तूला भरपगारी सुट्टी असते
हे मला रिटायर झाल्यावर कळलं,
तेही कागदावरून.

पहिल्या वर्षी हुकमाप्रमाणे पाणी तोडलं.
जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतून परतलो
तर पानं कुंडीत गळालेली, काठ्या सुरकुतलेल्या.
गेलं, म्हटलं.
कळवळून तांब्याभर ओतत राहिलो, रोज, दोन आठवडे.
मार्चमध्ये डोळे फुगले
आणि फुलांच्या जागी पिल्लं फुटली,
मुळांसकट, काठीला लोंबणारी.
झोपलेल्याला जेवायला उठवलं
की तो स्वप्न सोडून संसार मांडतो.

अनसूया उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली,
रोजच्या हजार विड्या.
तिनं कात्री खाली ठेवली,
पिल्लाचं पान अंगठ्यानं चोळलं,
गोणपाटातून काढलेलं तेंदूचं चोळते तसं.
"पानाला पाणी पाजायचं नसतं हो,
ओलीत निजवायचं असतं.
भिजलं की काळं पडतं, वाळलं की तडकतं."
चाळीस वर्षं तिच्या बोटांत होतं हे.
मी विचारलं नव्हतं.

मग कागद फडताळात गेला.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
तीच झाडाची तारीख.
बोअरचं नको, मुळांवर पांढरी खरवड धरते
चहाच्या पातेल्यासारखी.
भोकांची मातीची कुंडी, आत कोळसा,
देवळापुढून आणलेल्या नारळाच्या शेंड्या.
कारखान्यातल्या बाद टॉवेलांच्या किनारी
भिजवून तारेवर टांगल्या, झाडाला न शिवता.

तरी मे महिन्यानं शिकवायचं ते शिकवलंच.
कागदाप्रमाणे ही वाढीची वेळ, भरपूर खायला द्या.
पण पारा चव्वेचाळीसला टेकतो
आणि मुळाचं हिरवं टोक चंदेरी होऊन मिटतं,
दुपारी शटर ओढलेल्या दुकानासारखं.
मिटलेल्या दारावर खत कशाला आपटायचं?

तेव्हापासून त्याच्या दोन झोपा.
एक पौषातली, रात्री उघड्या गच्चीवर,
जेमतेम सहा आठवडे;
पाणी नाही, सुरकुती खोल गेली तरच पहाटे फवारा.
दुसरी इथली, वैशाखातली, जिन्याखाली;
पाणी आहे, पण भिंत निवल्यावर.

"त्याला वर्षात दोन सुट्ट्या," अनसूया म्हणाली,
"आणि मला?"
हसत नव्हती.

मी सूप माझ्याकडे ओढलं.
माझी विडी तोंडाशी सुटते,
कारखानदार दहातल्या सहा छाटात फेकतो,
आणि शेजारचा नरसप्पा खिडकीतून बघून खोकतो.
पण शुक्रवारी दुपारी ती आता
जिन्याखाली चटई टाकते, कुंडीशेजारी.

यंदा दोनच कळ्या.
सुमलतानं फोनवर फोटो पाहिला,
म्हणाली, एवढ्याच का अप्पा?
म्हटलं, हळू बोल,
अम्मा झोपली आहे.